प्रस्तावनेतून गाळलेले नाव

१) १८५१ साली कलकत्त्यात सर्वेक्षणशास्त्रावरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो स्मिथ आणि थुलिअर या दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या नावे निघाला. प्रस्तावनेत मात्र त्यांनी एक गोष्ट स्वच्छ नमूद केली होती: ग्रंथातील गणिताची आणि अधिक शास्त्रीय स्वरूपाची प्रकरणे बाबू राधानाथ सिकदार यांची आहेत. १८७५ साली त्याच ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ही कबुली प्रस्तावनेतून नाहीशी झाली होती. हरकत घ्यायला राधानाथ हयात नव्हते. पाच वर्षांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते.

आजचा धागा या गाळलेल्या नावाविषयी आहे. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२) आपल्याकडे एक शिकवण लहानपणापासून कानांवर पडते: आपण निमूटपणे काम करावे, काम आपोआप बोलते. त्याच घरात दुसरी म्हणही ऐकू येते: मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. या दोन्हींपैकी खरे काय, हे उपदेशाने ठरत नाही. पण इतिहासात ते तपासून पाहता येते. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील एक प्रचंड उद्योग घेऊ. त्यात हजारो माणसे राबली आणि मोजकीच नावे उरली. तो उद्योग म्हणजे भारताचे महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षण.

३) या कामाचा आरंभ १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी केला. पहिली पायरी होती ती जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत अचूक मोजण्याची. सुमारे साडेसात मैलांची ही पायारेषा मोजायला ५७ दिवस लागले. पोलादी साखळी उन्हाने तापली की लांबते, गारव्याने आखडते. म्हणून प्रत्येक मापाबरोबर तापमानही टिपावे लागे. पुढे हे काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेले. १८२३ साली याच मोहिमेवर असताना लॅम्ब्टन यांचे निधन झाले ते आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्यांची कबर तेथेच आहे.

४) पद्धत समजायला सोपी आहे, अमलात आणायला महाकठीण. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. पायारेषा ही पहिली बाजू. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीचे कोन मोजायचे, की टेकडीचे अंतर मिळते. तेच अंतर पुढच्या त्रिकोणाची बाजू होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत कन्याकुमारीच्या बाजूने थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जायचे. जमिनीवर साखळी फिरते ती अगदी थोड्या ठिकाणी. बाकी सारे काम डोळा आणि गणित यांचे.

५) डोळा मात्र उंचावर न्यावा लागतो. कोन मोजण्याचे मोठे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते वाहून न्यायला बारा माणसे लागत. डोंगर नसेल तेथे बुरूज बांधावे लागत, दृष्टीआड येणारी झाडे तोडावी लागत, रात्री दूरच्या शिखरावर दिवा धरून बसावे लागे. हे करणाऱ्यांना सर्वेक्षणाच्या भाषेत ‘खलाशी’ म्हणत. जहाजाशी त्यांचा संबंध नव्हता. तंबू, झेंडे, साखळ्या आणि यंत्रे सांभाळणारे हे मजूर होते. तराईच्या जंगलांत तापाने त्यांतील कित्येक दगावले. नकाशावर त्यांची खूण कोठेच नाही.

६) डोंगरावर टिपलेले आकडे पुढे कार्यालयात येत. तेथे बसत ते गणक. पृथ्वी सपाट नाही, म्हणून वक्रतेची दुरुस्ती करायची. हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो, म्हणून त्याचीही करायची. एकाच कोनाच्या अनेक नोंदी ताडून पाहायच्या, चुकीची नोंद हुडकायची आणि हे सारे लॉगरिदमच्या कोष्टकांवर, हाताने करायचे. यंत्राजवळ उभ्या असलेल्या साहेबाचे निदान चित्र तरी निघते. पानामागून पान आकडेमोड करणाऱ्या कारकुनाचे चित्र कोण काढणार? त्याच्या श्रमाचे फळ म्हणजे अखेरीस एक संख्या, आणि संख्येखाली सही असते ती वरिष्ठाची.

७) अशा गणकांमध्ये १८३१ च्या डिसेंबरात एक अठरा वर्षांचा तरुण दाखल झाला. पगार महिना ३० रुपये. राधानाथ सिकदार यांचा जन्म १८१३ चा, कलकत्त्याच्या जोडासाँको भागातला. शिक्षण हिंदू कॉलेजात. तेथे डेरोझिओ या तरुण शिक्षकाभोवती प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांचा जो गट जमला होता, त्यात ते होते. गणित त्यांनी टायटलर यांच्या हाताखाली शिकले. सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांना नेमका असा गणिती हवा होता. थोड्याच काळात राधानाथ देहरादूनला एव्हरेस्ट यांचे उजवे हात झाले.

८) एव्हरेस्ट यांनी त्यांचे कौतुक केले नाही, असे म्हणता येणार नाही. राधानाथांचे वडील तितुराम यांना त्यांनी पत्र लिहिले. तुम्ही देहरादूनला आला असता, तर असा मुलगा असल्याबद्दल तुमचा किती आदर वाटतो हे प्रत्यक्ष दाखवता आले असते, असा त्याचा आशय होता. मात्र राधानाथांनी सर्वेक्षण सोडून डेप्युटी कलेक्टर व्हायचे ठरवले, तेव्हा हेच एव्हरेस्ट आडवे आले. वरिष्ठाच्या संमतीवाचून कोणाही अधिकाऱ्याला दुसऱ्या खात्यात जाता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. कौतुकही खरे होते आणि अडवणूकही.

९) येथे क्षणभर थांबावे. खासगी पत्रातील स्तुती आणि सार्वजनिक नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तुझ्यावाचून माझे चालत नाही’ असे वरिष्ठ म्हणतो, त्याचे दोन अर्थ होतात. एकात आदर असतो. दुसऱ्यात तुला येथून हलू देणार नाही, ही सोय असते. राधानाथांची गुणवत्ता एव्हरेस्ट यांना पुरेपूर दिसत होती. तरीही ती दिसण्याचा लाभ आधी एव्हरेस्ट यांच्या कामाला झाला. कष्ट कोणालाच दिसत नव्हते, असे नाही. प्रश्न होता तो कोणाला दिसतात आणि कोठे लिहिले जातात, हा.

१०) राधानाथ मुखदुर्बळ नव्हते, हे सांगणारी एक घटना १८४३ सालची आहे. देहरादूनचा मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट सर्वेक्षण खात्याच्या मजुरांना बेकायदेशीरपणे राबवून घेत होता. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे: वेठबिगार. साहेबाचा मुक्काम हलला की ओझे कोणी वाहायचे, हे विचारण्याची तेव्हा रीतच नव्हती. समोर दिसेल त्याच्या डोक्यावर ते चढवले जाई. राधानाथांनी हे चालू दिले नाही. त्यांनी जोरदार विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि दंड झाला तो राधानाथांनाच, २०० रुपये.

११) दंडाची रक्कम ध्यानात घ्या. नोकरीला लागतानाच्या दरमहा ३० रुपयांच्या हिशेबाने ती सहा महिन्यांच्या पगाराहून अधिक होते. राधानाथ हरले, असे निकालपत्र वाचणारा म्हणेल. पण त्यांच्या कॉलेजच्या मित्रवर्तुळातील रामगोपाल घोष यांच्या ‘बेंगाल स्पेक्टेटर’ या पत्राने हे सारे प्रकरण तपशीलवार छापले. त्यामुळेच आज आपल्याला ते ठाऊक आहे. न्यायालयाने मॅजिस्ट्रेटची बाजू उचलून धरली. छापील पानाने मजुरांची बाजू जपून ठेवली. बोलण्याचे फळ त्याच दिवशी पदरात पडते, असे नाही. मात्र बोललेले कागदावर आले नसते, तर ही घटना देहरादूनच्या हवेतच विरून गेली असती.

१२) या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. राधानाथांनी आवाज उठवला तो स्वतःच्या बढतीसाठी नव्हे, आपल्याहून खालच्या पायरीवरच्या माणसांसाठी. गणकाचे आकडे खलाशांच्या खांद्यांवरून खाली येतात, हे त्यांना माहीत होते. ज्याच्या कामाची नोंद दुसरा कोणी ठेवतो, अशा माणसाला दुसऱ्या नोंद नसलेल्या माणसाचे कष्ट लवकर उमगतात, असे नेहमी घडत नाही. येथे घडले. मात्र ज्यांच्यासाठी ते भांडले, त्यांची नावे राधानाथांच्या नावासारखी आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. आवाज त्यांच्या वतीने उठला. त्यांचा स्वतःचा आवाज कागदावर आला नाही.

१३) १८४३ मध्ये एव्हरेस्ट निवृत्त झाले, त्यांच्या जागी अँड्र्यू वॉ आले. १८४९ मध्ये राधानाथ मुख्य गणक म्हणून कलकत्त्याला गेले. १८५२ पासून तेथील वेधशाळेची सूत्रेही त्यांच्याकडे आली. हवेच्या दाबाची मोजमापे तापमानानुसार दुरुस्त करण्याची कोष्टके त्यांनी तयार केली. त्याच सुमारास हिमालयाच्या शिखरांची गणिते सुरू होती. नेपाळात शिरण्याची परवानगी नव्हती, म्हणून शंभराहून अधिक मैल दूर असलेल्या सपाट प्रदेशातून शिखरांचे वेध घेतले गेले. १८४९ मध्ये जेम्स निकोल्सन यांनी ‘शिखर पंधरा’ची निरीक्षणे सहा ठिकाणांहून टिपली. पुढचे काम गणकांचे.

१४) यापुढची कथा तुम्ही ऐकली असेल. एके सकाळी राधानाथ धावत वॉ यांच्या दालनात शिरले आणि जगातील सर्वोच्च शिखर सापडल्याचे त्यांनी सांगितले, असे म्हणतात. कथा रंगतदार आहे, पण टिकत नाही. राधानाथ तेव्हा कलकत्त्यात होते आणि वॉ यांचे काम देहरादूनकडे चाले. एका दालनात धावत शिरण्याइतके ते जवळ नव्हतेच. शिवाय अशी उंची एका सकाळी ‘सापडत’ नाही. निरीक्षकांचे वेध, कलकत्ता व देहरादून या दोन्ही कार्यालयांतील गणकांची आकडेमोड, वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या आणि पडताळणी, एवढ्या सगळ्यांतून ती सिद्ध होते.

१५) मग अशी कथा जन्माला का येते? माझ्या मते तिचे मूळ गाळलेल्या नावातच आहे. अधिकृत नोंदीत ज्याला जागा मिळत नाही, त्याला लोकस्मृती नाट्यप्रवेश देऊन भरपाई करते. ही भरपाई मनाला सुखावते, पण ती धोक्याची. दंतकथा खोटी ठरली की तिच्याबरोबर खरे श्रेयही खोटे ठरवायला माणसे मोकळी होतात. राधानाथांना मोठे करण्यासाठी त्या धावपळीची गरज नाही. मुख्य गणकाचे पद, वेधशाळेतील कोष्टके आणि त्या ग्रंथातील प्रकरणे पुरेशी आहेत.

१६) १८५६ मध्ये वॉ यांनी शिखर पंधराची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर केले. आज मान्य असलेल्या ८,८४८.८६ मीटरांशी ताडून पाहिले, तर फरक सुमारे नऊ मीटरांचाच आहे. त्या काळची साधने पाहता हे आश्चर्यच म्हणावे लागेल. त्याच वेळी वॉ यांनी शिखराला आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचवले: एव्हरेस्ट. स्वतः एव्हरेस्ट यांनीच यावर शंका घेतली होती. हे नाव येथल्या लोकांना उच्चारता येणार नाही आणि हिंदीत लिहिता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते नाव पक्के केले.

१७) राधानाथ १८६२ मध्ये निवृत्त झाले आणि १७ मे १८७० रोजी चंदननगरजवळ निधन पावले. त्यानंतर पाच वर्षांनी तिसरी आवृत्ती आली, ती प्रस्तावनेतील त्या उल्लेखाविना. पण गोष्ट येथे संपली नाही. सर्वेक्षणातील काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनाच हे सहन झाले नाही. १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रातून या प्रकाराचा निषेध झाला. मेलेल्या माणसाची ही लूट आहे, इतक्या कठोर शब्दांत तो झाला. ज्याचे श्रेय गेले तो बोलू शकत नव्हता. त्याचे काम जवळून पाहिलेले लोक बोलले.

१८) हा निषेध निरुत्तर करणारा का ठरला, याचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर करावा. त्यात भावना होतीच, पण पुरावाही होता. १८५१ ची आवृत्ती छापलेली होती, ग्रंथालयांत होती. दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवल्या की काय गाळले, हे कोणालाही दिसत होते. राधानाथांचे श्रेय वाचले ते चोवीस वर्षांपूर्वी वेळेवर झालेल्या एका लेखी उल्लेखामुळे. तो उल्लेख तेव्हा झालाच नसता, तर १८७५ मध्ये गाळण्याजोगे काही उरले नसते आणि लूट झाल्याचे कोणाच्या लक्षातही आले नसते.

१९) राधानाथांना लिहिता येत होते, त्यांचे मित्र वृत्तपत्रे चालवत होते. ज्याला लिहिता येत नाही, त्याने काय करावे? या प्रश्नासाठी याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या शाखेकडे वळू. तिबेटमध्ये युरोपीय माणसाला प्रवेश नव्हता. म्हणून सर्वेक्षण खात्याने हिमालयातील माणसांना यात्रेकरूंच्या वेषात तिकडे धाडले. कुमाऊँमधील मिलमचे शाळामास्तर नैनसिंग रावत त्यांतले अग्रणी. एकसारखे पाऊल टाकण्याचा सराव, जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद. या साधनांवर त्यांनी ल्हासापर्यंतची वाट मोजली.

२०) हे काम बोलून दाखवण्याचे नव्हतेच. बोलले की प्राणावर बेतणार. त्यामुळे सुरुवातीच्या वृत्तांतांत नैनसिंगांचे नावही नसे. ते नुसते ‘पंडित’ म्हणून ओळखले जात. पण त्यांच्याजवळ रोजची टिपणे होती. कोठे किती पावले, पाणी उकळताना किती तापमान, ताऱ्याची उंची किती, हे सारे त्यांच्या हातचे लिहिलेले होते. मोहीम संपल्यावर त्या टिपणांनी त्यांची बाजू मांडली. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. सरकारकडून गावाचे उत्पन्नही मिळाले. गुप्ततेच्या काळात राखलेले मौन त्यांना पुढे मारक ठरले नाही, कारण त्या मौनाखाली लेखणी सतत चालू होती.

२१) आता याच मालिकेतले दुसरे नाव: किंथुप. सिक्कीमचे रहिवासी, दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करणारे, निरक्षर. १८८० मध्ये एका चिनी लामाचा सहायक म्हणून त्यांना तिबेटात पाठवण्यात आले. तिबेटची त्सांगपो नदी आणि आसामची ब्रह्मपुत्रा एकच आहे काय, हा प्रश्न सोडवायचा होता. योजना अशी की खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे आणि खाली आसामात माणसांनी पाळत ठेवायची. ओंडके वाहत आले, तर नदी एकच. लामाने वाटेत पैसे उधळले आणि अखेर किंथुप यांना एका अधिकाऱ्याला गुलाम म्हणून विकून तो पसार झाला.

२२) किंथुप संधी साधून निसटले. घराकडे न वळता ते नदीच्या काठाने पुढे निघाले, कारण काम राहिले होते. पाठलाग झाला, तेव्हा त्यांनी मारपुंगच्या मठात आसरा घेतला. मठाधिपतीने त्यांना ५० रुपयांना विकत घेतले. म्हणजे पुन्हा गुलामीच, पण जरा दयाळू धन्याची. तीर्थयात्रेच्या नावाखाली रजा मागून त्यांनी ५०० ओंडके तयार केले आणि लपवून ठेवले. पुन्हा रजा काढून ते ल्हासाला गेले. तेथे भेटलेल्या सिक्कीमच्या एका माणसाकडून पत्र लिहवून घेतले आणि दार्जिलिंगला धाडले: अमुक दिवसापासून रोज ५० ओंडके सोडीन. ठरल्या दिवशी, ठरल्या संख्येने, त्यांनी ते सोडले.

२३) नदीच्या खालच्या काठावर त्या दिवशी कोणीही नव्हते. पत्र योग्य हाती पडलेच नव्हते. ओंडके पाण्यावरून कोणाच्याही नजरेस न पडता निघून गेले. चार वर्षांनी, १८८४ मध्ये, किंथुप परतले, तेव्हा त्यांना पाठवणारा अधिकारी तेथे राहिला नव्हता. पुढे त्यांची हकिकत तोंडी ऐकून लिहून घेण्यात आली. ती छापलीही गेली, पण बहुतेकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. ना रोजनिशी, ना यंत्राचे आकडे, ना साक्षीदार. एका निरक्षर शिंप्याच्या स्मरणशक्तीवर भूगोलशास्त्राने विश्वास कसा ठेवावा? किंथुप पुन्हा दार्जिलिंगमध्ये सुई-दोऱ्याकडे वळले.

२४) १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्याच दरीत चालत गेले आणि थक्क झाले. गावे, वाटा, वळणे बहुतांशी किंथुप यांनी सांगितल्याप्रमाणेच होती. मोठी चूक एकच. छापील वृत्तांतात एके ठिकाणी दीडशे फुटांचा धबधबा होता. तेथे प्रत्यक्षात सुमारे तीस फुटांचाच आढळला. बेलींनी दार्जिलिंगमध्ये किंथुप यांना शोधून काढून विचारले, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी दोन वेगळे धबधबे सांगितले होते. लिहून घेताना त्यांचा एक झाला. ज्या चुकीपायी त्यांच्यावर अविश्वास बळावला, ती त्यांची नव्हती. छापलेले वाचता येत नसल्याने ती दुरुस्त करणेही त्यांच्या हाती नव्हते.

२५) बेलींनी त्यांच्यासाठी निवृत्तिवेतन मागितले. सरकारने नकार दिला. हा माणूस नव्वदीपर्यंत जगला तर केवढा खर्च येईल, असा त्यामागचा हिशेब होता. एकरकमी १,००० रुपये तेवढे मंजूर झाले. त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारले. सरकारला वाटलेली भीती अनाठायी ठरली.

२६) आता तिघांना एकत्र पाहा. नैनसिंग: स्वतः केले, स्वतः लिहिले, हयातीत मान मिळाला. राधानाथ: स्वतः केले, श्रेय इतरांच्या ग्रंथात नोंदले गेले, ते गाळले गेले आणि जुन्या आवृत्तीच्या आधारे इतरांनी परत मिळवले. किंथुप: स्वतः केले, स्वतः सांगितले, पण लिहिले दुसऱ्याने आणि तेही चुकीचे. कष्टांच्या बाबतीत कोणीही उणा नव्हता. फरक पडला तो नोंदीचा ताबा कोणाकडे होता, यामुळे. ‘बोला म्हणजे दिसाल’ हा सल्ला म्हणूनच अर्धा आहे. किंथुप बोलले होते. ऐकणाऱ्याने नीट लिहिणे आणि सांगणाऱ्याला ते पुन्हा वाचून दाखवणे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

२७) स्वतःच्या कामाबद्दल बोलणे म्हणजे आत्मस्तुती, असा संकोच मराठी मनात खोलवर आहे. समर्थांनी मूर्खलक्षणांत आत्मस्तुतीची गणना केली आहे, ती योग्यच. पण नोंद म्हणजे स्तुती नव्हे. ‘माझ्यासारखा गणिती नाही’ ही स्तुती. ‘ही प्रकरणे मी लिहिली’ ही नोंद. आपल्या जुन्या दप्तरांत हा भेद दिसतो. मराठा काळात घराण्याने काय सेवा केली, याची हकिकत ‘करीना’ म्हणून लिहून ठेवत. जेधे घराण्याचा करीना आज शिवकालाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतो. त्या घराण्याने संकोचापायी मौन धरले असते, तर तोटा आपला झाला असता.

२८) या धाग्याचे वाचक बहुतेक विद्यार्थी किंवा नोकरीत नवे आहेत. एखाद्या प्रकल्पात आकडे तुम्ही गोळा करता, मोडी कागदाचे लिप्यंतर तुम्ही करता, तक्ते तुम्ही बांधता. हे काम सुरू असतानाच, कोणी काय केले, हे तारखेसह लिहून ठेवा आणि प्रमुखांना दाखवा. श्रेयनामावलीचा प्रश्न छपाईनंतर नव्हे, आधी विचारा. नम्रपणे विचारा, पण लेखी विचारा. आणि तुमच्या हातात लेखणी असेल, तेव्हा तुमच्यासाठी गावातल्या वाटा दाखवणाऱ्याचे, जुनी पेटी उघडून देणाऱ्या आजींचे नाव त्यांच्या संमतीने लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.

२९) २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने या सर्वेक्षणाच्या स्मरणार्थ तिकिटे काढली. त्यांवर राधानाथ सिकदार आणि नैनसिंग रावत यांना स्थान मिळाले. अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरावर चढवणारी ती बारा माणसे कोण होती, हे मात्र कोणत्याही तिकिटावर नाही.

तुमच्या जिल्ह्यात एखादा पूल, धरण, घाट किंवा वाचनालय असेल. कोनशिलेवर नसलेले, पण घरात कोणाला तरी आठवत असलेले एखादे नाव त्याच्याशी जोडलेले असेल, तर ते विचारून घ्या. सांगणारे आहेत तोवर लिहून ठेवा.

धागा समाप्त.